अज्ञान मुलीचा जाहीर निषेध

आमच्या घरात पाठकोऱ्या कागदांची कधीच टंचाई नव्हती. बाबा छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचे. चळवळीची पत्रकंही तिथंच, मालकाला विचारून, सुट्टीच्या दिवशी छापायचे. वाटून उरलेले गठ्ठे घरी यायचे. पुढच्या बाजूला मोर्चा, मागची बाजू कोरी. त्या कोऱ्या बाजूवर मी पाढे लिहिले, शुद्धलेखन लिहिलं, आणि कंटाळा आला की कागद उलटून पुढचं वाचलं. मला वाचायला येऊ लागलं ते असं. शाळेच्या पुस्तकातला ससा माझ्या आयुष्यात जरा उशिरा आला. ‘बहुसंख्येने उपस्थित राहावे’ त्याच्या आधी आलं होतं.

त्याचा परिणाम व्हायचा तो झाला. एकदा गल्लीतल्या एका काकूंच्या परड्यात आमचा चेंडू गेला आणि त्या देईनात. मी त्यांच्या दारात उभी राहून सांगितलं, “चोवीस तासांत चेंडू परत न मिळाल्यास होणाऱ्या परिणामांस आपण जबाबदार राहाल.” काकूंनी चेंडू दिला आणि आईला हाक मारून म्हणाल्या, “सिस्टर, ह्या पोरीला जेवायला घालताय का पत्रकंच खायला घालताय?”

आई नर्स होती, म्हणून सगळी गल्ली तिला सिस्टर म्हणायची. कोल्हापुरात सदर बाजारात आमच्या दोन खोल्या होत्या. बाहेरच्या खोलीत बैठक आणि आतल्या खोलीत संसार, असा हिशेब ठरलेला, पण बैठक रोज थोडी थोडी आत सरकायची. माणसं येत. शाहूवाडीहून येत, गडहिंग्लजहून येत, एसटी चुकली की राहत. चांगली माणसं होती ती सगळी. मला खांद्यावर घेऊन फिरवणारी. बाबा त्यांच्यासमोर मला उभं करायचे आणि मी भाषण म्हणायचे, न अडखळता, हात वर करून. टाळ्या पडायच्या.

आमच्या घरात कुणी कुणावर हात उगारला नाही, कुणी पिऊन आलं नाही. हे मुद्दाम लिहिते, कारण आईबाप वेगळे झाले म्हटलं की लोक असलंच काहीतरी शोधतात. आमच्याकडं झालं ते एवढंच: आई ड्यूटीवरून यायची आणि बैठकीचा चहा टाकायची. एकदा बाहेर महिलांच्या प्रश्नावर पत्रकाचा मसुदा चालला होता. आई आतून कप घेऊन आली आणि म्हणाली, “तुमच्या पत्रकात स्त्रियांची मुक्ती दुसऱ्या ओळीला हाय. चहा कितव्या ओळीला हाय?”

सगळे हसले. बाबाही हसले. आई हसली नव्हती, हे माझ्या लक्षात आलं. बाबांच्या आलं नाही. मी चौथीत असताना तिनं स्वतःहून अर्ज करून गारगोटीकडं बदली घेतली. परीक्षा होईपर्यंत मी बाबांजवळ राहिले, मे महिना आईच्या क्वार्टरमध्ये काढला, आणि जून उजाडला तेव्हा शाळा कुठली हा प्रश्न आला. दोघांनाही मी हवी होते. दोघंही खरं बोलत होते. आईनं कोर्टात अर्ज केला. निकाल होईपर्यंत मी बाबांकडच्याच शाळेत जायचे आणि काही शनिवारी शाळा सुटली की दप्तरासकट आईकडं.

कोर्टाचा कागद घरी आला, तो बाबांनी वाचला आणि खिडकीच्या फळीवर ठेवला. मी तो वाचणार हे त्यांना कळायला हवं होतं. आमच्या घरात छापील कागद मी वाचला नाही असं झालंच नव्हतं. त्यात लिहिलं होतं, ‘अज्ञान मुलीचा ताबा’.

मी दोनदा वाचलं. अज्ञान! आमच्या पत्रकांत शत्रू नंबर एक जात होती आणि शत्रू नंबर दोन अज्ञान. ‘अज्ञानाच्या अंधारातून’ ही ओळ मी भाषणात म्हणायचे आणि ‘अंधारातून’ला हात वर करायचे. आणि चौथीत वर्गात दुसरी आलेल्या मला कोर्टानं अज्ञान ठरवलं होतं, तेही आईच्या अर्जावर. ‘ताबा’ही मला माहीत होता. गायरानाचा ताबा, घरकुलाचा ताबा. माणसाचा ताबा असतो हे कुठल्याच पत्रकात नव्हतं.

“बाबा, मी अज्ञान हाय?”

“कोर्टाची भाषा हाय ती,” बाबा म्हणाले. “मनाला लावून घिऊ नको.”

एकेका शब्दासाठी अख्खी बैठक थांबवणारा माझा बाप. शब्द मनाला लावून घेऊ नको, असं तो मला त्या दिवशी पहिल्यांदा म्हणाला.

बाबांचे वकील चळवळीतलेच होते. तारखेच्या आधी ते घरी आले आणि मी तिथंच बसलेली असताना म्हणाले, “जज्जसाहेब पोरीला आत बोलावतील. आई का बाबा, विचारतील. जरा तयारी करून घ्या.”

“कसली तयारी?”

“आता ते मी तुम्हाला सांगू? एवढी भाषणं पाठ करून घेताय तिच्याकडनं.”

बाबा माझ्याकडं बघत राहिले. मग म्हणाले, “भाषण निराळं, वकीलसाहेब. हे तिचं तिला बोलू दे.”

वकील हसले. “मग काय काळजी न्हाय. बापाचीच पोरगी हाय ती.”

सगळ्यांना असंच वाटत होतं. ही बापाची पोरगी, ही बापाचंच नाव घेणार. आणि मला आईकडं राहायचं होतं. हे मी कुणालाही सांगितलं नव्हतं. बाबांवर माझं प्रेम कमी होतं म्हणून नव्हे. कमी असतं तर सांगणं सोपं गेलं असतं. आईचं नाव घेतलं तर बाबा, बाहेरच्या खोलीतली ती सगळी चांगली माणसं आणि त्या सगळ्या टाळ्या यांच्याशी मी गद्दारी करणार होते. नाव नाही घेतलं तर आई गारगोटीत एकटी राहणार होती आणि मी इथं.

लहान पोरांना गंमत म्हणून विचारायचा एक प्रश्न आहे: आई आवडती का बाबा? पाव्हणे विचारतात, शेजारी विचारतात, लग्नाच्या पंगतीत अनोळखी माणसं गाल ओढून विचारतात, आणि पोर गोंधळलं की खो खो हसतात. हा प्रश्न गमतीतसुद्धा विचारू नये. ज्या घरात तो खरा होतो तिथं पोर आपलं अर्धं अंग कापून टेबलावर ठेवतं. मला या प्रश्नाचा आजही संताप येतो आणि तो मी गिळत नाही. विचारणाऱ्याला तिथंच थांबवते, मग तो कितीही मोठा पाव्हणा असो.

तेव्हा थांबवायची ताकद नव्हती. लिहायची होती. मी एका मोर्चाच्या पत्रकाची कोरी बाजू घेतली आणि लिहिलं:

‘जाहीर निषेध! जाहीर निषेध!! कोर्टाच्या कागदात मला अज्ञान म्हटल्याबद्दल जाहीर निषेध. आमच्या मागण्या: एक, अज्ञान हा शब्द मागे घ्यावा. दोन, माझा ताबा कोणालाही देऊ नये, मी जमीन नाही. तीन, आई व बाबा यांनी एकमेकांना द्यायचे निरोप माझ्याकडे देऊ नयेत. चार, कोणीही मुक्कामास राहिल्यास ‘एसटी चुकली’ असे आईस खोटे सांगावयास मला लावू नये. पाच, मोर्चाच्या दिवशी मला मोर्चास जाऊ द्यावे. वरील मागण्या मान्य न झाल्यास तीव्र आंदोलन छेडण्यात येईल, याची नोंद घ्यावी. आपली आज्ञाधारक.’

‘आपली आज्ञाधारक’ हे शाळेत रजेच्या अर्जाखाली लिहायला शिकवलेलं. कागद साहेबांना द्यायचा म्हणजे शेवटी तेच येतं, असा माझा समज होता. मग मी त्याची दुसरी प्रत काढली. पोच घेतल्याशिवाय निवेदन द्यायचं नसतं, हे मला बाबांनी शिकवलं होतं. एक प्रत साहेबाला, दुसऱ्या प्रतीवर त्याची सही. नाहीतर उद्या साहेब म्हणतो, मला काही मिळालंच नाही.

तारखेच्या दिवशी कोर्टाच्या व्हरांड्यात एका बाकाच्या या टोकाला आई, त्या टोकाला बाबा आणि मध्ये मी. आईनं माझ्या वेण्या सोडून पुन्हा घातल्या. बाबा बघत होते. शिपाई आला.

“चला बाळ, साहेबांनी बोलावलंय. हातात काय हाय?”

“निवेदन.”

“निवेदन? आणि वकील कुठं हाय तुझा?”

“निवेदनाला वकील लागत न्हाय.”

“व्हय की!” शिपाई बाबांकडं बघून म्हणाला. “पोरगी कुणाची हाय ते सांगायला नको.”

हे ऐकून बाबांचा चेहरा खुलला, आणि मी त्यांच्याकडं न बघता आत गेले.

आतल्या खोलीत साहेब एकटे होते. डोक्याला टक्कल, नाकावर चष्मा, अंगात काळा कोट नव्हता. तो खुंटीला होता. त्यांनी मला समोरच्या खुर्चीवर बसवलं. माझे पाय लोंबकळत होते. मी दोन्ही प्रती पुढं केल्या. त्यांनी एक प्रत सावकाश, खालपर्यंत वाचली. हसले नाहीत. मी आयुष्यात लिहिलेलं पहिलं पत्रक त्यांनी न हसता वाचलं, यासाठीच मी त्यांची कायमची ऋणी आहे.

“ही दुसरी प्रत कशाला?”

“पोच.”

“बरोबर.” त्यांनी पेन उघडलं आणि दुसऱ्या प्रतीवर ‘मिळाले’ लिहून सही केली. “तीव्र आंदोलन म्हणजे काय करणार?”

“मी जेवणार न्हाय.”

“किती दिवस?”

याचा विचार मी केला नव्हता. “दुपारपर्यंत.”

“मग लवकर उरकायला हवं.” ते खुर्चीत पुढं सरकले. “आता पहिली मागणी. कायद्यात अठरा वर्षांच्या आतल्या सगळ्यांना अज्ञान म्हणतात. कलेक्टरचा मुलगा असला तरी अज्ञान. त्याचा हुशारीशी संबंध नाही.”

“मग लहान असं लिहा की.”

“लिहायला पाहिजे खरं. पण तो शब्द माझ्या जन्माच्या आधीपासून आहे, मागे घेणं माझ्या हातात नाही. आज या खोलीत मी तो वापरणार नाही. चालेल?”

मागणी क्रमांक एक, अंशतः मान्य. चळवळीत यालाही यश म्हणतात.

मग ते म्हणाले, “पाच मागण्या आहेत. कुणाकडं राहायचं, ते यात नाही.”

“ते मुद्दामच न्हाय.”

“असू दे. मीही विचारत नाही.” आणि खरंच विचारलं नाही. गारगोटीची शाळा बघितलीस का विचारलं. छापखान्यात खिळे उलटे वाचता येतात का विचारलं. मी येतात म्हटलं. मग म्हणाले, “बाबांकडं असतेस तेव्हा शाळेतनं आल्यावर पहिल्यांदा काय करतेस?”

“चपला बघतो.”

आमच्याकडं बाया-पोरीसुद्धा येतो, जातो असंच बोलतात. साहेब बाहेरचे असावेत, ते जरासे थबकले. “चपला कशाला?”

“दारात किती हायत ते बघतो. मग तेवढ्या कपाचं आधण ठेवतो. आई गेल्यापासनं चहा मीच करतो.”

“आणि आईकडं?”

“आईकडं दप्तर टाकतो आणि लोळतो.”

बोलून गेले आणि मला कळलं, मी काय बोलले ते. त्यांनी काही लिहून घेतलं नाही. पण त्यांनाही कळलं, हे मला दिसलं. मला रडू फुटलं. ते असलं फुटलं की निवेदनाची शाई पसरली.

“हे बाबांना सांगू नका,” मी म्हटलं. “त्यांनी मला चहा करायला कधी सांगितलं न्हाय. मीच करतो.”

त्यांनी पाण्याचा ग्लास माझ्याकडं सरकवला आणि मी पिऊन होईपर्यंत थांबले.

“हे बघ. ऐकणार मी तुझं. पण ठरवणार मी.”

एवढ्या रडण्यातही मला राग आला. “मग मला बोलावलं कशाला?”

“तुझं ऐकल्याशिवाय ठरवलं तर माझं चुकेल. आणि तुलाच ठरवायला लावलं तर...” त्यांनी दाराकडं बोट केलं. “बाहेर दोघं बसलीत. त्यातल्या एकाला आज ना उद्या वाईट वाटणार आहे. ते माझ्यामुळं वाटू दे. तुझ्यामुळं नको. तू काही नाव घेतलेलं नाहीस. तू शाळेतनं आल्यावर काय करतेस, एवढंच सांगितलंस.”

मुलांचं ऐका, मुलांना विचारा, मुलांना मत आहे, असं मी गेली काही वर्षं जिथं संधी मिळेल तिथं लिहिते आहे. पण लिहिताना दर वेळी हात त्या खोलीपाशी अडतो. ऐकणं वेगळं आणि निवड त्यांच्या डोक्यावर ठेवणं वेगळं. हा फरक मला कुठल्या पत्रकानं शिकवला नाही. खुंटीला कोट लावून बसलेल्या एका माणसानं शिकवला. त्यांचं नाव विचारायचं मला सुचलं नाही, आणि वर्षभरात त्यांची बदली झाली.

मी बाहेर आले. डोळे लाल होते, ते दोघांनीही बघितले. आता विचारतील म्हणून मी उत्तरं जुळवत होते. आई म्हणाली, “भूक लागली काय?” आणि त्याच वेळी दुसऱ्या टोकाकडून बाबा म्हणाले, “काय खाणार?” कोर्टाबाहेरच्या गाड्यावर आम्ही तिघांनी उभं राहून वडे खाल्ले. बारा वाजायचे होते. आंदोलन सुरू व्हायच्या आधीच बारगळलं.

निकाल काही आठवड्यांनी लागला. मी आईकडं राहायचं. दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बाबांकडं जायचं. दिवाळीची आणि मे महिन्याची सुट्टी निम्मी-निम्मी. साहेबांनी दोघांना तोंडी बजावलं, एकमेकांना जे सांगायचं ते स्वतः सांगा, पोरीला टपाल करू नका. मागणी क्रमांक तीन, पूर्णतः मान्य.

म्हणून दर दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी, सकाळची शाळा करून, आई मला घेऊन मुदाळ तिट्ट्यावर यायची. गारगोटीचा, कोल्हापूरचा आणि राधानगरीकडचा असे तीन रस्ते तिथं मिळतात. बाबा कोल्हापूरच्या एसटीतून उतरून तिथं उभे असायचे. पहिल्या वेळी दोघं बोलली ती एवढंच:

“गाडी येळेत आली?”

“आली.”

पुढच्या वेळी आई म्हणाली, “हिला खोकला हाय. औषध पिशवीत हाय, दोनदा द्यायचं.” बाबा म्हणाले, “जेवणाआधी का जेवल्यावर?” असं वाढत गेलं. एका शनिवारी बाबांनी पिशवीतून पत्रकाचा मसुदा काढला आणि आईला म्हणाले, “बघ जरा. सिस्टर लोकांच्या पगाराचं हाय, तुला जास्त म्हाईत.” आईनं एसटीच्या शेडखाली उभी राहून तो वाचला आणि पेन मागितलं. त्यांचा संसार परत जुळला नाही, जुळायला नकोच होता. पण माझ्या डोक्यावरून बोलायचं सोडून ती दोघं एकमेकांशी बोलायला लागली, आणि मध्ये उभं राहून मला भजी खाता आली. एवढं सुख पुष्कळ पोरांना मिळत नाही.

आणि बाबांकडं गेलं की चहा बाबा करायचे. दारात कितीही चपला असू देत. त्यांनी ते कधी सुरू केलं, कुणी सांगितलं, मला माहीत नव्हतं. मला वाटायचं, साहेबांनी शेवटी माझं बोलणं त्यांच्या कानावर घातलंच. त्या शंकेनं कितीतरी शनिवार मी बाबांच्या डोळ्यांकडं बघायचं टाळलं.

कॉलेज संपल्यावर, मुलांच्या ताब्यावर एक लेख लिहायला घेतला तेव्हा मी बाबांच्या पेटीतून त्या निकालाची नक्कल काढली. आता बाबांच्या छापखान्यात खिळे राहिले नव्हते, कॉम्प्युटर आला होता, पण कागद जपून ठेवायची सवय तीच होती. निकालात शाळेबद्दल होतं, आईच्या नोकरीबद्दल होतं, घरातल्या वर्दळीबद्दल होतं. माझ्याबद्दल एकच वाक्य होतं: मुलीशी दालनात बोललो, तिचं म्हणणं इथं नोंदवणं तिच्या हिताचं नाही. चपला नाहीत, चहा नाही. ‘मुलीशी’ लिहिलं होतं, अज्ञान नव्हतं. त्यांनी शब्द पाळला होता, आणि मी त्यांच्यावर एवढी वर्षं उगाच शंका घेतली होती.

बाबा शेजारी बसून चष्मा पुसत होते. मी विचारलं, “तुम्ही मला कधीच का विचारलं न्हाय, मी आत काय बोललो ते?”

“इचारलं असतं तर तू खोटं बोलली असतीस. माझ्यासाठी.”

“आणि मग चहा तुम्ही करायला लागलासा, ते?”

“तू गारगोटीला गेलीस. पहिल्या दिवशी चार माणसं आली आणि मी हाक मारली, तुझ्या नावानं. मग कळलं, रोज कोण करत हुतं.” त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. “खरं सांगू? तू आत खोटंच बोलावंस असं मला वाटत हुतं त्या दिवशी. बाकावर बसून तेच वाटत हुतं. म्हणून मग इचारलं न्हाय. कुठल्या तोंडानं इचारू?”

आई तेव्हा निवृत्तीला आली होती. तिलाही मी कधी सांगितलं नव्हतं, आणि तिनंही कधी विचारलं नव्हतं. दोन माणसं एका घरात राहू शकली नाहीत, पण माझ्या बाबतीत एकमेकांना न विचारता दोघांनी एकच प्रश्न गिळला. मोर्चात एवढी शिस्त मी पाहिलेली नाही.

त्या दिवशी मी बाबांना सगळं सांगितलं. साहेब काय म्हणाले, मी काय म्हणाले, कुठं रडले. ते मान खाली घालून ऐकत होते. मधे एकदा चष्मा काढला. माझं संपल्यावर नक्कल घडी घालून माझ्या हातात दिली.

“बरोबर सांगितलंस की,” ते म्हणाले.